दार लावलं की ट्रिप: एका रिलेच्या कटआउटचं प्रकरण

११ केव्हीचा एक आउटगोइंग फीडर (बाहेर वीज नेणारी लाइन) आठ दिवसांच्या अंतराने दोनदा अर्थ फॉल्टवर, म्हणजे प्रवाह जमिनीत गेल्याच्या इशाऱ्यावर, ट्रिप झाला. दोन्ही वेळा लाइन पायी फिरून पाहिली, केबल मेगर केली (तिचं इन्सुलेशन तपासलं), कुठेच काही सापडलं नाही. दोन्ही वेळा ब्रेकर पुन्हा लावला तो निमूट टिकला. संशय आधी फांदीवर गेला, मग पक्ष्यावर, मग सेटिंगवर आणि शेवटी महिनाही न झालेल्या नव्या न्यूमेरिकल रिलेवर, म्हणजे प्रवाह मोजून ब्रेकरला उघडायचा हुकूम देणाऱ्या डिजिटल उपकरणावर. रिले मात्र प्रामाणिकपणे आपलं काम करत होता. चूक होती त्याला पॅनेलच्या दारात दिलेल्या जागेची. मी टेस्टिंगच्या बाजूने या कामात होतो आणि ती जागा ठरली तेव्हा मीही मान डोलावली होती, हे आधीच सांगून टाकतो.

जुन्या दारावर तीन इलेक्ट्रोमेकॅनिकल (फिरत्या डिस्कवर चालणारे) रिले एकाखाली एक होते: दोन ओव्हरकरंटचे, एक अर्थ फॉल्टचा. सीटी (लाइनचा मोठा प्रवाह रिलेसाठी लहान करून देणारा करंट ट्रान्स्फॉर्मर) २००/१, म्हणजे लाइनच्या २०० अँपिअरला रिलेकडे १. या तिघांची कामं एकच न्यूमेरिकल रिले करणार होता. त्याची दर्शनी चौकट १४४ × १४४ मि.मी. या मापाच्या उपकरणांना कटआउट (पत्र्यातलं भोक) लागतो १३८ × १३८ मि.मी., आणि त्यात फक्त अधिकच्या बाजूने १ मि.मी.ची मुभा असते. म्हणजे १३८ ते १३९ चालेल, १३७.९ चालणार नाही. ही मापं एका कंपनीची नाहीत; आयईसी ६१५५४ या मानकात ती ठरलेली आहेत. ९६ च्या चौकटीला ९२, ७२ च्या चौकटीला ६८, अशी ती माळ आहे. जुन्या रिलेंची भोकं यापेक्षा बरीच मोठी होती, त्यामुळे नवा रिले थेट बसणं शक्यच नव्हतं.

पर्याय दोन होते. दाराच्या कोऱ्या भागात नवं भोक पाडायचं, किंवा जुन्या भोकावर अडॉप्टर प्लेट लावून तिच्यात रिले बसवायचा. फिटरचा कल पहिल्याकडे होता, कारण दार सपाट दिसतं आणि डाग राहत नाही. मी ते ठामपणे नाकारलं. आमचा फीडर बंद मिळणार होता, पण शेजारचे फीडर आणि बसबार चालूच राहणार होते, आणि शेजारच्या दारांवर अजून डिस्कवाले रिले होते. जिगसॉ ३ मि.मी.च्या पत्र्यावर चालली की हादरा एका दारापुरता राहत नाही, सगळी रांग थरथरते. जुन्या रिलेचे संपर्क हलके असतात. सणसणीत हादऱ्याने ते टेकले तर भलताच फीडर बंद पडतो.

त्याहून वाईट प्रकार लोखंडाच्या किसाचा. डिस्कच्या रिलेत डिस्कचा वेग आवरायला कायमचा चुंबक बसवलेला असतो आणि त्याच्या तोंडात डिस्क अगदी थोड्या फटीतून फिरते. हवेत उडालेला कीस रिलेच्या पेटीत शिरला तर तो दुसरीकडे कुठे जातच नाही, नेमका त्या फटीत जाऊन उभा राहतो. डिस्क अडते. वरून काही दिसत नाही, दिवा लागत नाही, घंटा वाजत नाही. तो रिले पुढच्या खऱ्या फॉल्टला गप्प बसणार, हे कळायला खरा फॉल्टच यावा लागतो. म्हणून चालू स्विचगिअरच्या खोलीत पत्रा कापायचा नाही, कापायचाच तर दार बिजागरीवरून उतरवून बाहेर न्यायचं, या हट्टावर मी आजही कायम आहे.

तर अडॉप्टर प्लेट. ती वर्कशॉपमधून कापून, पावडर कोटिंग करून यायची होती. पहिली प्लेट आली तिचं भोक १४४ × १४४. माहितीपत्रकातल्या पहिल्या चित्रातलं दर्शनी चौकटीचं माप उचललं गेलं होतं; कटआउटचं चित्र पुढच्या पानावर होतं. त्या भोकात रिले बसण्याऐवजी आरपार मागे गेला असता. ही चूक इतकी जुनी आहे की तिच्यावर कुणी रागावतही नाही. दुसरी प्लेट बरोबर १३८.० कापली होती, पण पावडरचा थर कडांवरही चढतो. व्हर्निअर लावला तर आडवं १३७.८ आणि उभं १३७.७. रिलेचं अंग त्यातून गेलं असतं, पण बाजूचे क्लॅम्प अडकवायच्या खाचांना तेवढी जागा उरत नव्हती. बारीक कानशीने कडा साफ केल्या आणि उघड्या पडलेल्या पत्र्याला झिंक प्रायमर लावला. काटकोन पाहायला गुण्या लावला तरी मी कर्ण मोजतोच. १३८ च्या चौकोनाचा कर्ण १९५.२ येतो, दोन्ही कर्ण सारखे आले की चौकोन तिरका नाही याची खात्री पटते. ते सारखे आले.

इथवर सगळं नीट होतं, आणि आमचं सगळं लक्षही इथेच होतं, म्हणजे पत्र्याच्या पुढच्या बाजूला.

तीन जुन्या भोकांपैकी प्लेट कोणत्या भोकावर लावायची, हा निर्णय पाच मिनिटांत झाला. वरचं भोक जमिनीपासून साधारण १७५० मि.मी., मधलं १४५०, खालचं ११५०. मधलं निवडलं. डोळ्यांसमोर येतं, बुटक्या माणसालाही डिस्प्ले वाचता येतो, कुणाला वाकावं लागत नाही. दारामागे किती खोली आहे हे पाहिलंच नाही असंही नव्हतं. दारापासून आतल्या माउंटिंग प्लेटपर्यंत २३५ मि.मी. अशी नोंद आमच्या कागदावर आहे. रिलेचं अंग पत्र्यामागे १५० मि.मी. जातं, त्यामागे लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि वायरींचं वळण यांना ६० धरले तर २१०. पंचवीस मि.मी. शिल्लक. हिशेब चोख.

फक्त ते २३५ मोजलं होतं वरच्या भोकापाशी, कारण टेप तिथे सहज टेकत होता. मधल्या भोकाच्या नेमकं समोर, माउंटिंग प्लेटवर, ६० मि.मी. उंचीची वायरिंग डक्ट (वायरींची पन्हळ) आडवी गेली होती. तिथली खरी खोली १७५. रिलेचं अंग मावत होतं. वायरी मावत नव्हत्या.

दार उघडं असताना हे कुणाला दिसणार? दार उघडलं की रिलेच्या पाठीमागे सगळी मोकळी हवा असते. वायरमनने उघड्या दारावरच सगळी जोडणी केली, मीही सगळ्या चाचण्या उघड्या दारावरच घेतल्या. टेस्ट ब्लॉकवरून सेकंडरी इंजेक्शन दिलं, म्हणजे सीटीऐवजी बाहेरून रिलेत प्रवाह सोडला, तिन्ही फेजची मापं बरोबर आली, अर्थ फॉल्टच्या वेळा वक्राप्रमाणे आल्या. सीटीच्या बाजूने स्टार पॉइंट (तिन्ही सीटींची टोकं एकत्र येतात ती जागा) एकाच जागी अर्थ आहे ना हे पाहिलं. रिलेचं अर्थ टर्मिनल थेट अर्थ पट्टीवर नेलं होतं, रंगवलेल्या प्लेटच्या भरवशावर सोडलं नव्हतं. चाचणीचा अहवाल पाहिलात तर त्यात एकही दोष सापडणार नाही.

मग दार लावलं. शेवटच्या दोन बोटांना ते थोडं अडलं. वायरमनने खांदा लावला, हँडल फिरवलं, दार बसलं. "नवीन गॅस्केट आहे साहेब, थोडा जोर लागणारच," तो म्हणाला, आणि मला ते पटलं. नव्या गॅस्केटला जोर लागतोच. पण गॅस्केटचा जोर दाराच्या सगळ्या कडेला सारखा लागतो आणि हा जोर मध्यावर लागत होता. दाराच्या त्या दोन बोटांत सगळं सांगितलेलं होतं. त्या वेळी फीडर चार्ज झालेला (विजेवर घेतलेला) नव्हता, त्यामुळे दार लावताना काय घडलं ते रिलेलाही कळलं नाही.

पहिली ट्रिप चार्ज केल्यानंतर आठवड्याभरात झाली, दुसरी पुढच्या आठवड्यात. दुसऱ्या वेळी मी रिलेतून घटनांची नोंद आणि लहरींची नोंद दोन्ही उतरवून घेतली. लोड सुमारे ८० अँपिअर होता, म्हणजे सेकंडरीला (सीटीच्या रिलेकडच्या बाजूला) ०.४. आर फेज ०.४१, वाय फेज ०.४०, दोन्ही शांत. बी फेज शून्याजवळ. आणि न्यूट्रल (तिन्ही फेजची बेरीज) ०.४०.

हे आकडे एकदा नीट पाहण्यासारखे आहेत. खरा अर्थ फॉल्ट होतो तेव्हा एका फेजचा प्रवाह वाढतो आणि वाढलेला भाग न्यूट्रलमध्ये दिसतो. इथे कोणताच फेज वाढला नव्हता. एक नाहीसा झाला होता, आणि न्यूट्रलमध्ये नेमकं तेवढंच दिसत होतं जेवढं नाहीसं झालं. तीन फेजचे प्रवाह तोलात असतात तेव्हा त्यांची बेरीज शून्य येते. त्यातला एक काढून घेतला की उरलेल्या दोघांची बेरीज त्या काढलेल्या एकाइतकीच भरते. रिलेला वाटतं तेवढा प्रवाह जमिनीत गेला. अर्थ फॉल्टची सेटिंग २० टक्के होती, म्हणजे ०.२ अँपिअर. ०.४ म्हणजे सेटिंगच्या दुप्पट. स्टँडर्ड इन्व्हर्स वक्रावर (प्रवाह जितका जास्त तितका वेळ कमी) दुप्पट प्रवाहाला १० सेकंद लागतात. आमचा टाइम मल्टिप्लायर (त्या वेळेचा गुणक) ०.१ होता, म्हणजे १ सेकंद. नोंदीत पिकअपपासून (सेटिंग ओलांडल्यापासून) ट्रिपपर्यंत बरोबर एक सेकंद. रिलेने गणितात काडीची चूक केली नव्हती.

आता, प्रायमरीत (लाइनच्या बाजूला) बी फेज खरोखरच तुटला असता तरी आकडे असेच दिसले असते. लाइनचा जंपर निघाला, ब्रेकरचा एक पोल नीट लागला नाही, अशी कारणं असतात. पण जंपर निघाला असता तर पुन्हा चार्ज केल्यावर बी फेज परत आला नसता. शिवाय लहरींच्या नोंदीत बी फेज सपाट शून्य नव्हता. प्रत्येक अर्ध्या आवर्तनात एक बारीक टोकदार उसळी होती, आणि ती इतर दोन फेजवरून हिशेब केला तर बी फेजचा प्रायमरी प्रवाह शून्य ओलांडायच्या सुमारास येत होती. उघड्या पडलेल्या सीटीचं हे लक्षण. सेकंडरी उघडली की सीटीचा लोखंडी गाभा जवळजवळ सगळा वेळ संपृक्त (चुंबकत्वाने पुरता भरलेला) राहतो, फक्त शून्य ओलांडताना फ्लक्स झपाट्याने उलटतो आणि त्या क्षणी व्होल्टेजचा सुळका उठतो. तो सुळका सैल जोडातून थोडासा पार होत होता. म्हणजे तुटलं होतं ते सीटी ते रिले या वाटेवर, आमच्याच पॅनेलमध्ये.

पण मग तो एकच सेकंद का? आणि आठवड्यातून एकदाच का?

इथे आमचे दोन दिवस वाया गेले, तेही क्षुल्लक कारणाने. रिलेचं घड्याळ कंट्रोल रूमच्या घड्याळापेक्षा सात मिनिटं मागे होतं; जुळवायचं राहून गेलं होतं. ट्रिपच्या वेळी आसपास काय चाललं होतं हे रजिस्टरमध्ये शोधलं तर काहीच जुळेना. सात मिनिटं मिळवल्यावर दोन्ही ट्रिप एकाच प्रकारच्या नोंदीवर येऊन बसल्या: एनर्जी मीटरचं साप्ताहिक वाचन. मीटर त्या दारामागे आहे. ऑपरेटर दार उघडतो, आकडा लिहितो, दार लावतो. खांदा लावून. दोन्ही वेळा त्याने ट्रिप झाल्याचंही सांगितलं होतं, पण "दार लावताना झाली" असं नाही, कारण त्याला तसं कुणी विचारलंच नव्हतं.

फीडर बंद मिळाल्यावर शोध सोपा होता. सीटीच्या बाजूने टर्मिनल ब्लॉकवरच्या शॉर्टिंग लिंक (सीटीची टोकं आपसात जोडणाऱ्या पट्ट्या) लावून घेतल्या, रिलेच्या बाजूच्या वळशावर मल्टीमीटर जोडला आणि दार अगदी सावकाश लोटत नेलं. आर आणि वाय फेजला शेवटपर्यंत काही फरक नाही. बी फेजला शेवटच्या दोन बोटांत आकडा नाचायला लागला आणि खांद्याचा जोर दिला तसा सरळ उघडा. हँडल फिरून जोर सुटला की परत जागेवर. आत काय होतंय ते पाहायला एकाने व्हिडिओ सुरू करून मोबाइल माउंटिंग प्लेटवर टेकवून ठेवला आणि दार लावलं. त्या काही सेकंदांत सगळं दिसलं: वायरींचा जुडगा डक्टच्या झाकणावर टेकतो, वर उचलला जातो, आणि शेवटच्या टर्मिनलवरचा लग तिरका होतो.

स्क्रू सोडल्यावर उरलेलं कळलं. सीटीच्या टर्मिनलांची रांग रिलेच्या तळाशी होती आणि दारामागची मजबुतीची आडवी पट्टी तिच्या अगदी जवळून जात होती. बी फेजच्या स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर सरळ धरताच येत नव्हता. वायरमनने तो तिरका घालून जमेल तितका पिळला होता. रिंग लग वाकडा बसला होता आणि त्याच्या नळीवरची स्लीव्ह वॉशरखाली चेंगरली होती. स्क्रू हाताला घट्ट लागत होता, पण तो धातूवर नव्हे, प्लास्टिकवर घट्ट झाला होता. लगच्या कडेला छोटा काळा डाग होता. सोबतच्या बाकी लगांवर टॉर्क दिल्याची खूण केलेली होती. याच्यावर नव्हती, आणि ती नाही हे मी अहवालावर सही करताना पाहिलं नव्हतं.

ही नुसती उपद्रवी ट्रिप नव्हती. लोडवर असलेल्या सीटीची सेकंडरी उघडली की टोकांवर शेकडो व्होल्ट, कधी त्याहून बरंच जास्त, चढू शकतात. दार धरून खांदा लावणारा माणूस त्या जोडापासून हातभर अंतरावर होता. जुन्या रिलेंची पेटी ड्रॉआउट पद्धतीची होती. रिले ओढून काढला की पेटीतले संपर्क सीटी आपोआप शॉर्ट करायचे. त्या पेटीने वर्षानुवर्षं लोकांच्या चुका पोटात घातल्या. आमच्या नव्या रिलेला सीटीसाठी साधी स्क्रूची टर्मिनलं आहेत, ती काही पोटात घालत नाहीत.

एकाने सुचवलं की लग नीट बसवू, स्क्रू घट्ट करू, झालं. मला ते मान्य नव्हतं. जुडगा डक्टवर टेकतोय तोवर दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या लगवर ओढ बसणार. आज बी फेज, उद्या ट्रिपची वायर. ट्रिपची वायर सुटली तर ट्रिप होणार नाही, आणि ते जास्त वाईट. दुसरा पर्याय होता डक्ट हलवायचा, पण तिच्यातून शेजारच्या पॅनेलच्या डीसी वायरी जात होत्या.

शेवटी प्लेट उतरवली आणि वरच्या भोकावर लावली. तिथे आडवी पट्टी दूर आहे आणि समोर डक्ट नाही. डिस्प्ले आता १७५० वर आहे, बुटक्या माणसाला टाचा उंचावाव्या लागतात, यावर तक्रारही आली. मधल्या आणि खालच्या भोकावर कोऱ्या प्लेटा, गॅस्केटसकट.

वायरींची वाटही बदलली. आधी जुडगा रिलेपासून निघून आडवा बिजागरीकडे जात होता आणि तिथे तसाच आडवा ओलांडत होता, म्हणजे दार हललं की वायरी एकाच जागी घडी पडल्यासारख्या वाकत. आता तो आधी दारावरच बिजागरीपर्यंत नेला, तिथे बिजागरीला समांतर उभा काही अंतर उतरवला आणि मग चौकटीवर घेतला. दारावर एक क्लॅम्प, चौकटीवर एक, मधला भाग स्पायरल स्लीव्हमध्ये मोकळा. असं केलं की दार फिरताना वायरींना वाक बसत नाही, त्या नुसत्या पिळल्या जातात, आणि २.५ चौ.मि.मी.च्या बहुतारी वायरीला पीळ फारसा जाचत नाही. रिलेच्या टर्मिनलांवर दाराची कसलीच ओढ पोहोचू नये म्हणून पहिला क्लॅम्प रिलेच्या मागेच दारावर घेतला.

नव्या जागेची खोली या वेळी टेपवर सोडली नाही. खेळण्यातल्या मातीचा गोळा जुडग्याच्या सगळ्यांत पुढे आलेल्या भागावर चिकटवला, दार हँडल फिरेपर्यंत लावलं आणि उघडलं. समोरच्या प्लेटला टेकून चेपलेल्या मातीची जाडी २२ मि.मी. कागदावरचा हिशेब पंचवीसचा होता. तीन मि.मी.चा फरक कुठून आला असेल तर बहुधा दाराच्या गॅस्केटच्या दबण्यातून.

नंतर सेकंडरी इंजेक्शन पुन्हा दिलं, या वेळी दार लावून. टेस्ट ब्लॉक दाराच्या दर्शनी बाजूला असल्यामुळे ते जमतं. प्रवाह चालू ठेवून दार वीसेक वेळा उघडझाप केलं आणि तिन्ही फेजची मापं बघत राहिलो. हलली नाहीत. चार्ज केल्यावर लोडवरही तेच केलं, न्यूट्रलचा आकडा पाहत. रिलेचं घड्याळ जुळवलं.

याच जातीच्या आणखी चार पॅनेलांत हेच रिले बसायचे आहेत. चारही दारं लावलेल्या स्थितीत मातीच्या गोळ्याने मोजली. तिघांत वरच्या भोकामागे जागा पुरेशी आहे. चौथ्यात मात्र वरही डक्ट निघाली आणि खोली १९० भरली. तिथे रिले दारापासून थोडा पुढे धरणारी उंच कॉलर करायला दिली आहे. ती येईपर्यंत त्या दारावरचे तीन जुने रिले जागेवरच राहतील.